लॉराच्या वाट्याची अर्धी प्रार्थना

लॉराची जीभ तिखट, हे तिच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि लॉराचा गळा गोड, हेही. एकाच तोंडात देवानं ही दोन दुकानं कशी थाटून दिली, याचं उत्तनच्या कोळीवाड्यात आता कोणाला नवल वाटत नसे. सकाळी त्याच तोंडानं ती मीरा रोडच्या गिऱ्हाइकांची उलटतपासणी घ्यायची, आणि संध्याकाळी त्याच तोंडानं मरियामातेचं नाव असं घ्यायची की ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडून दाराशी यावं.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेचा महिना. या महिन्यात रोज संध्याकाळी आळीतली सगळी माणसं क्रुसापाशी जमतात. क्रुसाला हार घालतात, मेणबत्त्या लावतात, चटया अंथरतात आणि माळ म्हणतात. रोज एका घराची पाळी. त्या घरानं हार आणायचा, आणि माळ संपली की उकडलेले चणे वाटायचे. चण्यांमुळे पोरंही वेळेवर येतात आणि काही बाप्येही.

माळ म्हणण्याची रीत ठरलेली. एकानं पुढे गुडघे टेकायचे आणि प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा. उरलेला अर्धा मागच्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा. पुढचा तो पुढचा, मागचे ते मागचे. आणि लॉराच्या आळीत पुढची जागा गेली काही वर्षं लॉराची होती. पाऊस असो, अंगात ताप असो, ती जागा तिनं कोणाला दिली नाही. एकदा पायाला जाळ्याचं शिसं लागून अंगठा सुजला होता, तरी ती लंगडत आली आणि पुढे जाऊन बसली. म्हातारा बस्त्याव सगळ्यांना सांगायचा, "बाईची भक्ती बघा! तोंड सोडलं तर संतीणच हाय."

खरं काय होतं ते फक्त लॉराला माहीत होतं, आणि देवाला.

प्रभूनं शिकवलेली जी 'आमच्या बापा'ची प्रार्थना, तिच्या पहिल्या अर्ध्या भागात सगळं देवाचं असतं. त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. ते म्हणायला लॉराला कधीच जड गेलं नाही. पण मागच्यांनी म्हणायच्या अर्ध्या भागात रोजची भाकर येते आणि भाकरीला लागूनच ते वाक्य येतं: जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो. पुढे बसणाऱ्याला ते वाक्य म्हणावं लागत नाही. ते मागचे म्हणतात.

म्हणून लॉरा पुढे बसायची.

यात लबाडी होती, पण खोटेपणा नव्हता. उलट खोटं बोलायचं नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. लॉराच्या आईनं तिला लहानपणी बजावलं होतं, "माणसाशी खोटं बोललीस तर एक थोबाडीत देईन. देवाशी बोललीस तर दोन." लॉरानं धंद्यातही कालची मासळी आजची म्हणून कधी विकली नाही. मग जे आपण करत नाही ते करतो म्हणून देवाला कसं सांगायचं? चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या वेळी सगळे एकत्र प्रार्थना म्हणायचे, तेव्हा ती त्या वाक्याला ओठ मिटून घ्यायची. तिथे गर्दी असते, कोणाला कळतंय! क्रुसापाशी मात्र वीस-पंचवीस माणसं, आणि शेजारणींचे कान नवऱ्याचा खिसा वाजला तरी ओळखणारे.

आता तो अपराधी कोण, तर ऑड्रे. लॉराची धाकटी जाऊ.

लॉराचा नवरा इग्नेशियस आणि ऑड्रेचा नवरा पास्कोल, दोघे सख्खे भाऊ. एकाच बोटीवर जातात. घरं भिंतीला भिंत लागून. बोंबील सुकवायच्या वलांड्यासुद्धा शेजारी शेजारी: बांबू रोवलेले, त्यांना आडव्या दोऱ्या ताणलेल्या. बोंबील टांगायची रीत अशी की दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मग ती जोडी तोंडात तोंड अडकवून उन्हात लटकत राहते. पास्कोल एकदा ते बघून भावाला म्हणाला होता, "दादा, ह्या आपल्या दोघी." इग्नेशियस हसला, पण आधी मागे वळून लॉरा कुठे आहे ते बघून मगच.

झालं होतं असं. चारेक वर्षांमागे लॉराच्या मुलाची, ॲरनची, गोराईच्या एका मुलीशी सोयरीक जुळत आली होती. मुलीची आत्या चौकशी करायला गावात आली, ती नेमकी ऑड्रेच्या वलांडीपाशी थांबली. पोरगा कसा, घर कसं, सासू कशी? ऑड्रे बोंबील टांगत होती, भोवती चार बायका होत्या, आणि चार बायका असल्या की ऑड्रेला चेव येतो. ती म्हणाली, "पोरगा सोनं हाय बघा. सासूचं म्हणाल, तर तिच्या जिभेवर ओला बोंबील ठेवा, उन्हाची गरज न्हाय. अर्ध्या तासात सुकतो."

बायका हसल्या. आत्या हसली नाही. आठवड्याभरात गोराईहून निरोप आला की मुलीला अजून शिकायचंय.

त्या दिवशी लॉरानं अंगणात उभं राहून जे तोंड सोडलं ते बंदरापर्यंत ऐकू गेलं. ऑड्रेच्या माहेरचं तिनं कोणी शिल्लक ठेवलं नाही. जिवंत आणि मेलेले, सगळे धुऊन काढले. आणि मग जे तोंड मिटलं ते मिटलंच. अंगण एक, पाण्याचा नळ एक, पण बोलणं बंद. नवरे रोज एकाच बोटीत एकाच डब्यातलं जेवत आणि घरी आले की दोन वेगळ्या देशांतली माणसं होत.

गंमत अशी की ॲरनचं काहीच बिघडलं नाही. वर्षभरात त्याचं वसईच्या अनुष्काशी लग्न झालं. मीरा रोडला घर घेऊन दोघं सुखात होती. अनुष्का हसरी, सासूला न घाबरणारी. ती उघड म्हणायची, "मम्मी, काकी तसं बोलल्या नसत्या तर ॲरन गोराईला गेला असता. मी तर त्यांना केक नेऊन द्यायला हवा."

"दे. आणि तिथेच राहायला जा," लॉरा म्हणायची.

म्हणजे नुकसान भरून आलं होतं, वर व्याजही मिळालं होतं. तरी पोटात रागाचा जो खडा बसला होता तो जागचा हलेना. रात्री पाठ टेकली की तेच अंगण, तीच आत्या, त्या हसणाऱ्या चार बायका. लॉरा मनातल्या मनात ऑड्रेला नवनवीन उत्तरं द्यायची, चांगली चांगली उत्तरं, आणि सकाळी उठली की जबडा दुखायचा. देवाकडे जावं तर तिथेही अर्धीच प्रार्थना. उरलेली अर्धी घशात. आपण देवाच्या घरात नुसत्या ओट्यावर बसून परत येतो, आत जातच नाही, असं तिला वाटायचं, आणि ते तिला फार लागायचं.

अशात चर्चमध्ये नवे फादर आले. फादर रोहित. वसईकडचे, वयानं ॲरनएवढेच. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं: यंदा रोझरीला प्रत्येक आळीत ज्या घराचे चणे त्या घराचा आवाज. ज्या घराची पाळी, त्याच घरातल्यानं माळ चालवायची. रोज एकच माणूस नको.

मिस्सा संपल्यावर लॉरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फादर, तुम्ही नवीन हायत म्हणून सांगते. आमच्या आळीत निम्म्या लोकांना कुठल्या वारी माळेतली कुठली रहस्यं म्हणायची ते पाठ न्हाय. चुकतील."

"चुकू दे ना मावशी. मरियामाता काय मार्क कापणार आहे?"

"तो बस्त्याव तर मोजताना झोपतो."

"मग जागं करा त्याला. तुमचा आवाज चांगला आहे असं ऐकलंय."

"आणि काही काही घरांत..." लॉरा थांबली. ऑड्रेचं नाव ती घेत नसे. "काही घरांत तोंड फक्त दुसऱ्याची टिंगल करायला उघडतात."

फादरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग महिन्यातून एकदा प्रार्थनेलाही उघडू दे की."

झालं. लॉराची जागा गेली.

पहिल्या संध्याकाळी बस्त्यावची पाळी होती. लॉरा मागे चटईवर बसली, पदराशी चाळा करत. म्हाताऱ्यानं थरथरत्या आवाजात सुरुवात केली. पहिला अर्धा भाग संपला आणि मागचे सगळे म्हणू लागले. भाकर आली. लॉरा भाकरीपर्यंत गेली आणि तिला खोकला आला. असा आला, असा आला, की शेजारच्या बाईनं पाठ थोपटली. वाक्य पुढे गेलं, खोकला थांबला. पण माळेत ती प्रार्थना काय एकदा येते? दर दहा मण्यांमागे, म्हणजे दहा 'नमो मरिया' झाल्या की येते, अशी पाचदा. दर दहा मण्यांमागे लॉरा खोकली. त्यातून बस्त्यावनं एकदा दहाच्या जागी बारा मणी म्हटले, तेवढाच तिला आराम.

दुसऱ्या संध्याकाळी तिची चप्पल हरवली आणि ती नेमकी त्या वाक्याला शोधावी लागली. तिसऱ्या संध्याकाळी एक कुत्रं आलं, बिचारं चण्यांच्या वासानं आलं होतं, कोणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. लॉरानं त्याला पाचही वेळा हाकललं. चौथ्या दिवसापासून पुन्हा खोकला.

आळीतल्या बायका मनानं चांगल्या. तीन घरांतून काढा आला. एकीनं तुळस-आलं दिलं, एकीनं अडुळसा, तिसरीनं न सांगता त्यात ब्रँडी घातली होती, तो लॉरानं संपवला.

इग्नेशियस ओट्यावर जाळं विणत बसला होता. सुई न थांबवता म्हणाला, "लॉरा, तुझा खोकला मोठा शहाणा हाय गो."

"का?"

"नमो मरियेला येत न्हाय. बापाच्या प्रार्थनेलाच येतो. त्यातही अर्ध्याच्या पुढेच."

लॉरानं पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं. "तुम्ही मासे पकडा. माझा खोकला पकडू नका."

तो बिचारा जाळ्यात मान घालून बसला. चांगला नवरा तो हाच.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे सुक्या मासळीची पाटी घेऊन मीरा रोडला गेली. बेव्हर्ली पार्कमधल्या एका बिल्डिंगमध्ये तिची जुनी गिऱ्हाईक होती, रसिका. लालबागहून इकडे राहायला आलेलं कुटुंब. सुक्या बोंबलाशिवाय तिच्या घरात पानं वाढली जात नसत. समोरच्या हंसाबेन लॉराची चाहूल लागताच दार लावून घ्यायच्या आणि आतून ओरडायच्या, "लॉराबेन, केम छो? दरवाजा बंद किया, बुरा मत मानना!" आणि लॉरा बाहेरून ओरडायची, "नही नही, आप अगरबत्ती लगाओ!" हा दोघींचा स्नेह कित्येक वर्षांचा.

त्या दिवशी रसिका पाटीतले बोंबील उलटसुलट करत म्हणाली, "मावशी, या वेळचे थोडे बारीक वाटतायत."

"बारीक वाटतायत तर व्हेल मासा घे! तुमच्या लालबागला मिळत असेल. पोरगी बघायला आल्यासारखं बोंबील काय उलटेपालटे करतेस?"

रसिकाचे हात थांबले. ती रागावली नाही. "मावशी," ती हळूच म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्याकडून घेतेय. आज कोणाचा राग माझ्यावर काढताय?"

समोरच्या बंद दारातून हंसाबेनचा आवाज आला, "सच्ची बात!"

लॉरानं रसिकाच्या पिशवीत दोन जोड्या वरून टाकल्या आणि जिना उतरली. परतीच्या शेअर रिक्षात ती बाजूच्या माणसाला जागा द्यायला सरकली, एरवी ती सरकायला लावणारी. पोरगी बघायला आल्यासारखं, असं आपल्याच तोंडून का आलं? म्हणजे ती गोराईची आत्या आपल्याबरोबर मीरा रोडपर्यंत येते. पाटीत बसून येते.

शनिवारी ती चर्चमध्ये कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला गेली. तिथलं बोलणं फादरांनी कोणाला सांगितलं नाही, ते सांगतच नाहीत. लॉरानंच नंतर सगळ्या बाजाराला सांगितलं, म्हणून कळलं.

ती म्हणाली, "फादर, मी चार वर्षं ते क्षमेचं वाक्य म्हटलेलं न्हाय." आणि मग पुढे बसण्याची युक्ती, खोकला, चप्पल, कुत्रं, सगळं सांगितलं, ऑड्रेचं नावही घेतलं. जाळीच्या पलीकडे काहीतरी खुसखुसलं. मग लॉराला संशय आला की फादर हसू दाबतायत.

"हसताय व्हय?"

"कुत्र्याला हसलो. माफ करा. मावशी, एक सांगा, इतकी वर्षं का नाही म्हटलंत?"

"खोटं होईल म्हणून. मी करत न्हाय ना क्षमा. मग करते असं कसं म्हणू?"

"ताप उतरल्यावर गोळी घेता की उतरावा म्हणून घेता?"

लॉरा जाळीकडे जरा सरकली.

"ते वाक्य आपण क्षमा करून मोकळे झालोत म्हणून म्हणायचं नसतं. करता येत नाही, म्हणून म्हणायचं असतं. आम्ही सगळेच अर्धवट मनानं म्हणतो, मावशी. अर्धवट तर अर्धवट, पण त्याच्यासमोर म्हणतो. तुम्ही तर त्याला ते अर्धंही दिलं नाहीत."

"माझ्यानं तोंडातून निघत न्हाय."

"बरं, मग आधी सोपं काम करू. रोज सकाळी एक नमो मरिया ऑड्रेकाकींसाठी म्हणायची. त्यांचं काहीतरी भलं मागायचं."

"तिचं भलं?" लॉराचा आवाज चढला, बाहेर रांगेतल्या दोघींनी माना वळवल्या. "फादर, मला तिच्यासाठी काय मागायचं तेच सुचणार न्हाय."

"त्या काय करतात?"

"बोंबील सुकवते. आणखी काय करणार!"

"मग बोंबलांसाठी मागा."

आता प्रायश्चित्त म्हणून दिलेलं, ते करावं तर लागणारच. रविवारी सकाळी लॉरा ओट्यावर उभी राहिली, समोर दोन्ही वलांड्या. तिनं क्रुसाची खूण केली आणि पुटपुटली, "देवा, त्या बाईचे बोंबील चांगले सुकू दे." मग घाईघाईनं जोड दिली, "माझ्याहून थोडे कमी."

सोमवारी तेच. मंगळवारी तेच. बुधवारी तिच्या लक्षात आलं की 'माझ्याहून थोडे कमी' म्हणायचं राहून गेलं. तिनं परत म्हणायचा विचार केला, मग म्हटलं जाऊ दे, देव काय तराजू घेऊन बसलाय? गुरुवारी तिनं प्रार्थना करता करता ऑड्रेच्या वलांडीकडे नीट पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा. एक दोरी सैल झाली होती, खालचे बोंबील वाळूला टेकायला आले होते. बाईला दिसत कसं नाही, असं तिच्या मनात आलं. आणि हा राग नेहमीचा नव्हता. आपल्या घरच्या माणसावर येतो तसा होता.

ऑड्रेची माळ चालवायची पाळी शुक्रवारी होती. शुक्रवारी दुपारी ऑड्रे हार आणायला भाईंदरला गेली. दोघींचे नवरे दर्यावर. ऊन कडक, वारा पडलेला, आणि बंदरावर सगळं सुस्त. लॉरा भाकरी खाऊन आडवी होणार, तेवढ्यात तिला वास आला. कोळणीला पावसाचा वास यावा लागतो, ढग नंतर दिसला तरी चालतो. ती बाहेर आली. पश्चिमेला समुद्रावर काळी रेघ उभी राहिली होती.

सुकत आलेल्या बोंबलावर पाऊस पडला की संपलं. बोंबील लाल पडतो, मग तो माणसांच्या ताटात जात नाही, नारळाच्या मुळाशी जातो. लॉरानं पदर खोचला, पाट्या घेतल्या आणि आपल्या वलांडीवर तुटून पडली. दोरीवरून जोड्या सर्र सर्र ओढायच्या, पाटीत टाकायच्या, पाटी घरात. घामानं भिजली, पण सगळे आत आले. तिनं दार लोटलं, पाणी प्यायली आणि खाटेवर बसली.

बसवेना.

समोर ऑड्रेच्या दोऱ्यांवर बोंबील लटकत होते. जोडी जोडी, तोंडात तोंड. सकाळीच तर तिनं देवाला सांगितलं होतं, सुकू दे म्हणून. आणि आता सांगणारी खाटेवर बसून बघणार?

"हे बरं हाय तुझं!" ती भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीला म्हणाली. "मागायला पण मीच, आणि द्यायला पण मीच? मग तू काय करणार?"

तसबिरीतल्या येशूनं नेहमीसारखं मवाळपणे पाहिलं. लॉरा पाट्या उचलून बाहेर पडली.

ती अर्धी वलांडी उतरवून झाली होती, तेव्हा रिक्षा थांबली आणि ऑड्रे उतरली. हातात झेंडूचा हार. पाहते तो लॉरा आपल्या वलांडीवर, दोन्ही हातांनी बोंबील ओढतेय.

"काय चाललंय माझ्या वलांडीवर?"

चार वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही असलं.

"चोरी करतेय!" लॉरा ओरडली. "दिसत न्हाय? भर दुपारी, सगळ्या बंदरासमोर तुझे अर्धे ओले बोंबील चोरतेय. हीच तर हौस माझी! वर बघ बाई, मग बोल!"

ऑड्रेनं वर पाहिलं. पहिला थेंब तिच्या नाकावर पडला.

ऑड्रेनं हार गळ्यात अडकवला, ठेवायला जागा कुठे होती, आणि दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. दोघी दोन्हीकडून दोऱ्या रिकाम्या करत मधे येत गेल्या. सर कोसळली तेव्हा शेवटची दोरी उरली होती, तेवढी गेली. दोघी ऑड्रेच्या ओट्यावर धापा टाकत उभ्या राहिल्या, भोवती पाट्या, आणि ऑड्रेच्या गळ्यात झेंडूचा हार, जणू निवडणूक जिंकून आलीय.

ऑड्रेनं टॉवेल पुढे केला. "तुझे भिजले असतील."

"माझे आधी आत घेतले. मी काय संत न्हाय."

"मग माझे कशाला घेतलेस?"

लॉरानं केस पुसत सगळं सांगून टाकलं. न म्हटलेलं ते वाक्य, प्रायश्चित्त, नमो मरिया, बोंबील, 'माझ्याहून थोडे कमी' सुद्धा. ऑड्रे आधी बघत राहिली, मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. लॉरालाही हसू आलं, ते तिनं टॉवेलात लपवलं.

मग ऑड्रेचं हसू ओसरलं. "तुझी चार वर्षं गेली ते वाक्य न म्हणता," ती म्हणाली. "माझी गेली म्हणण्यात."

"म्हणजे?"

"तू पुढे बसायचीस. मी मागे. तू पहिला अर्धा म्हणायचीस आणि मला दुसरा म्हणावा लागायचा, तुझ्याच पाठीकडे बघत. माझा बाप जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा तू अंगणात उभी राहून त्याला दारुडा म्हणालीस. तो पीत होता, खरं हाय. पण महिना झाला नव्हता. पहिल्या वर्षी मी दात चावून म्हणायची. मग नुसती म्हणायची. कधी कधी खरंच म्हणायची, कधी न्हाय. पण रोज म्हटलं."

लॉराचा टॉवेल हातातच राहिला. तिला ते आठवलं. अंगण आठवत होतं, आत्या आठवत होती, चार बायका आठवत होत्या, पण हे एवढं मात्र चार वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आपण पुढे बसून गोड आवाजात सुरुवात करून द्यायचो, आणि मागून रोज जे वाक्य यायचं त्यातली अपराधी आपणच होतो. आपल्याच कानावर रोज आपली माफी पडत होती, आणि आपण मणी मोजत होतो.

"ऑड्रे," ती म्हणाली, "तुझ्या बापाचं मी..."

"राहू दे आता. आणि माझं ते जिभेचं. हसण्याच्या नादात बोलले गो. लग्न मोडेल असं वाटलं नव्हतं." ऑड्रेनं डोळे पुसले. "ऊठ, चणे अजून शिजायचेत. लोक येतील."

पाऊस तासाभरात ओसरला, भावांची बोटही परत आली. संध्याकाळी क्रुसापाशी चटया ओल्या जमिनीवर टाकल्या. क्रुसाला हार चढला, जरा चुरगळलेला. ऑड्रे पुढे गुडघे टेकून बसली. तिला सवय नव्हती, आवाज कापत होता. तिनं 'आमच्या बापा' म्हणून सुरुवात केली, त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, आणि ती थांबली.

मागचे म्हणू लागले. भाकर आली. इग्नेशियसनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकोकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या बस्त्यावच्या बायकोनं पाठ थोपटायला हात तयार ठेवला.

लॉरा खोकली नाही. तिनं ते वाक्य म्हटलं. गोड गळा वगैरे काही नाही, गंजलेल्या कडीसारखा आवाज निघाला, आणि सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे राहिला. तरी म्हटलं, पुढच्या पाठीकडे बघत. खडा एकदम विरघळला असं काही झालं नाही. हलला मात्र. दुसऱ्या दहा मण्यांनंतर आणखी थोडा हलला. शेवटच्या वेळी तर ती सगळ्यांच्या बरोबरीनं म्हणाली, आणि आपण खरं बोलतोय की खोटं, हे तपासायचंच राहून गेलं.

माळ संपली, गाणं झालं, चणे वाटले. सगळ्यांनी एकेक घास तोंडात टाकला आणि सगळे खाली बघून शांतपणे चावू लागले. पावसाच्या गडबडीत ऑड्रे मीठ घालायला विसरली होती. पण देवाच्या ठिकाणी आणि बाई पहिल्यांदाच माळ म्हणालेली, सांगणार कोण?

"ऑड्रे!" लॉराचा आवाज आला, हा नेहमीचा, खणखणीत. "मीठ काय दर्यातच ठेवून आलीस?"

चावणं थांबलं. पास्कोलनं भावाचा दंड धरला. अख्ख्या आळीनं चार वर्षांत या दोघींना एकमेकींशी बोलताना ऐकलं नव्हतं, आणि आता बोलणं सुरू झालं तेही भांडणानंच, असं सगळ्यांना वाटलं.

ऑड्रेनं टोपातला डाव वर उचलला. "वैनी, मुद्दामच न्हाय घातलं. म्हटलं तू येणार हायस. वरून तुझे दोन शब्द पडले की चणे आपोआप खारट होतील."

एक क्षण कोणाला कळेना हसावं की पळावं. मग लॉराच आधी हसली, पोट धरून, आणि मग क्रुसापाशी जो हशा झाला तो पलीकडच्या आळीत ऐकू गेला. तिथली माळ अजून चालू होती.

लॉरा उठली आणि घरून मिठाची बरणी घेऊन आली. प्रत्येकाच्या द्रोणात चिमूट चिमूट घालत फिरली. बस्त्यावपाशी आली, तेव्हा म्हाताऱ्यानं द्रोण पुढे करत विचारलं, "लॉरा, तुझा खोकला गेला काय गो?"

"गेला."

"मग कोणाचा काढा लागू पडला?"

काढा पाठवणाऱ्या तिन्ही बायकांनी कान टवकारले.

लॉरानं तिघींकडे पाहिलं, मग चुरगळलेल्या हाराकडे, मग टोप खरवडणाऱ्या ऑड्रेकडे.

"सगळ्यांचा थोडा थोडा," ती म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या चण्यांवर जरा जास्तच मीठ पडलं.